सागाखालची विहीर

उपविभागीय कार्यालयातल्या बाबूनं कागद वाचला आणि रामीबाईच्या आयुष्यातली अठरा वर्षं एका ओळीत कापून टाकली.

"रामीबाई उत्तमसिंग राठोड. जन्म एक जानेवारी एकोणीसशे चाळीस. आधार कार्डावर असंच आहे." त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आणि तुम्ही दाव्यात लिहिता, विहीर एकोणतीस सालची, रामीबाईनं स्वतः माती वाहिली. जन्माच्या अकरा वर्षं आधी?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. लखनची मान खाली गेली. त्याचा बाप भीमसिंग टोपी गुडघ्यावर ठेवून भिंतीकडे पाहत बसला होता. रामीबाई त्याची आई. जाऊन पाच वर्षं झाली होती तिला. वनहक्काचा दावा पाच एकरांचा होता. जंगलाला लागून असलेली ही जमीन तीन पिढ्या, म्हणजे एकोणीसशे तीसच्या आधीपासून, आपलंच घर कसत आलं, एवढं सिद्ध करायचं होतं. नाही तर सगळं अतिक्रमण.

उठली ती लखनची बायको, ममता.

"साहेब, माह्या सासऱ्याचा शाळेचा दाखला जोडला हाये. त्याच्यावर जन्म एकोणपन्नासचा. माय चाळीसची, लेक एकोणपन्नासचा. म्हंजे बुढी नवव्या वर्षी बाळंत झाली काय?"

हसणं थांबलं. टेबलामागच्या साहेबांनी दाखला हातात घेतला, उलटून पाहिला.

"मग आधारवर चाळीस कसं आलं?"

"आधारवाला पोट्टा तांड्यात आलता. दादीले वय इचारलं. ते म्हणे, गवताच्या साली मी आठ वर्षाची होती. त्याले गवताचं साल समजलं नाई. तिचे दात पाह्यले, सगळे शाबूत. टाकलं चाळीस."

"गवताचं साल?"

"तीस. लोकायनं सरकारी जंगलातलं गवत मुद्दाम कापलं अन् कैदेत गेले, थे साल."

साहेबांनी दाखला खाली ठेवला. "वय बाजूला ठेवू. वनरक्षकाचा अहवाल म्हणतो, मौक्यावर विहीर आढळून आली नाही."

"बुजवली हाये. सागाखाली हाये."

"मग दाखवा. पंधरा दिवसांनी मी स्वतः पाहणीला येतो. आणि शेजारच्या गावातल्या एखाद्या जुन्या माणसाचा जबाब आणा. घरच्यांचा चालत नाही."

परतीच्या काळी-पिवळीत भीमसिंग खिडकीकडे तोंड करून बसला. मुकुटबनच्या पुढं लखन म्हणाला, "आता कोठी शोधतं इहीर? चाळीस-पन्नास वर्षाचे साग उभे हायेत तठी." ममता मनातल्या मनात ओळी मोजत होती. नाल्यापासून तिसरी ओळ, दादी म्हणायची.

बोरखडी तांडा झरी जामणीच्या पार टोकाला. तीसेक घरं, एक सेवालाल महाराजांचं देऊळ, आणि मागं जंगल. ममता लग्न होऊन आली तेव्हा रामीबाई ऐंशीच्या वर होती. पायात बळ होतं तोवर ती काठी टेकत नाल्यापर्यंत जायची. मग पाय गेले. शेवटची अकरा वर्षं तिला ममतानं न्हाऊ-माखू घातलं, फेटिया नेसवला, कोपरापर्यंतच्या बांगड्या काढून घासल्या आणि पुन्हा चढवल्या. त्या अकरा वर्षांत म्हातारीनं तिला सगळं सांगितलं. तारखा तिच्यापाशी नव्हत्या. सालं होती.

रामीबाईचा सासरा बाबूसिंग बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचा. रेल्वेनं तो धंदा खाल्ला. शेवटचे चार बैल घेऊन तो या नाल्याकाठी थांबला आणि म्हणाला, आता हालायचं नाही. हालायचं नसेल तर पाणी पाहिजे. सात वर्षांची सून रामी घरात आली तेव्हा विहीर छातीइतकी खोल झाली होती. खालून बाबूसिंग टोपलं भरून द्यायचा, वरून ती ओढायची. पुढच्या साली गवत कापणारे आले. पांढऱ्या टोप्या, हातात विळे. विहिरीवर थांबले. रामीनं त्यांना पाणी शेंदून दिलं. दुपारी पोलिसांनी त्यांना दोरानं बांधून त्याच वाटेनं नेलं, तेव्हा त्यांनी पुन्हा पाणी मागितलं आणि शिपायानं पिऊ दिलं नाही. रामी शेंदायचा बोकणा पाण्यानं भरून घेऊन कोसभर त्यांच्या मागं चालत गेली. शिपायानं दगड मारला तेव्हा परत फिरली.

झेंड्याच्या साली ती पंचवीस वर्षांची होती आणि दोन लेकरं पुरून बसली होती. तांड्यात झेंडा आला नाही, गूळ आला. मग भीमसिंग झाला, जगला. बहात्तरच्या दुष्काळात ती रस्त्यावर खडी फोडत होती. मुकादमानं तिच्या ढिगाचं माप कमी धरलं तेव्हा तिनं अख्खा ढीग पुन्हा रस्त्याच्या मधोमध पसरवला आणि त्यावर बसली. मोटार आली तरी उठली नाही. माप पुन्हा घ्यावं लागलं.

"अन् इहीर, दादी?" ममता विचारायची.

"जंगलवाल्यायनं बुजवली. नसबंदीच्या साली." एवढं बोलून म्हातारी तोंड फिरवायची.

दुसऱ्या दिवशी ममता नाल्यापलीकडच्या सावरखेडीला गेली. भगवानराव चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचे वडील त्या गवत कापणाऱ्यांतले. तीन महिने कैद भोगलेली, पुढं सरकारनं ताम्रपट दिलेला. तो बैठकीत काचेच्या चौकटीत होता. भगवानराव दर पंधरा ऑगस्टला शाळेत वडिलांची गोष्ट सांगत. ममतानं ती लहान पोरांना घेऊन तीन-चारदा उभ्यानं ऐकली होती.

भगवानराव दिवाणावर होते. त्यांच्याजवळ गावातले दोघं खुर्च्यांवर. ममता उंबऱ्याजवळ खाली बसली. चहा आला. त्या दोघांना कपबशी, तिला कागदी कप.

"जबाब पाह्यजे होता, काकाजी. तुमच्या वडलायनं आमच्या इहिरीचं पाणी पेलं, हे तुमी नेहमी सांगता. तेवढंच लिहून द्या."

भगवानराव बराच वेळ बशी फुंकत राहिले.

"देतो की. काहून नाई देणार? पण एक आहे बाई. नाल्याकाठची तुमची पट्टी आमच्या वावराले आडवी येते. मोटर बसवाची तर जागा नाई. तेवढी पट्टी दाव्यातून काढा. बाकी चार एकराले माहा जबाब."

"थे पट्टीच तर पह्यल्यांदा नांगरून मोडली होती, काकाजी. बाबूसिंगनं."

"मग पाहा तुमचं तुमी." एका खुर्चीवाल्याकडे वळून ते म्हणाले, "ह्या लोकायचं असंच असते. थारा देला की सातबारा मागतात."

ममता उठली. कागदी कप तिनं चहासकट उंबऱ्यावर ठेवला. "थारा आमी देलता, काकाजी. तान्हेल्याले," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली. नाला ओलांडेपर्यंत तिचे कान गरम होते.

ते दिवस तेंदूपत्त्याचे. सकाळी चारला सगळा तांडा जंगलात जायचा, दहापर्यंत पानांचे पुडे बांधून यायचा. वर्षाचं मीठ-तेल त्यातून निघे. ममतानं आणि लखननं त्या हंगामाकडे पाठ फिरवली आणि सब्बल, टिकास, फावडं घेऊन सागात शिरले. नाल्यापासून तिसरी ओळ. पण नाला गेल्या पुरांत सरकला होता आणि ओळी दोन्ही बाजूंनी मोजल्या तर तिसरी ओळ दोन ठिकाणी पडत होती. त्यांनी एकीकडे कमरेइतकं खणलं. मुरूम लागला. दुसरीकडे खणलं. तिथंही मुरूम. तीन दिवस गेले. साग पानं गाळून उघडा उभा होता, सावली म्हणून नव्हती. लखनच्या तळहातांना फोड आले, फुटले, सब्बल लाल झाली.

चौथ्या दिवशी दुपारी भीमसिंग आला. धोतर वर खोचलेलं, डोक्याला टॉवेल. त्यानं दोन्ही खड्डे पाहिले. मग तो वीसेक पावलं वर चढला, एका जाड सागापाशी थांबला, तिथून डावीकडे सात पावलं मोजली आणि टाच रोवली.

"इथं."

"तुमाले कसं मालूम, मामाजी?" ममतानं विचारलं.

"मीच बुजवली."

लखन फावड्यावर रेलला होता, तो सरळ झाला.

भीमसिंग उकिडवा बसला. बोलताना तो मातीकडे पाहत होता. "नसबंदीच्या साली रोपवनाचं काम निघालं. घरात दाना नव्हता. तुह्या नणंदेले गोवर निघालता. मी हजेरीवर गेलो. मुकादम म्हणे, हे इहीर बुजवा, ढोर पडन. पाच जन होतो. चार जन सावरखेडीचे. दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी याडी, माही माय, आली. ओरडली नाई. तठी मोहाच्या बुडाशी बसून पाहत राह्यली. मी दगड टाकून राह्यलो अन् याडी पाहून राह्यली."

"आमाले तं ते म्हणे जंगलवाल्यायनं बुजवली," ममता म्हणाली.

"म्हणेच. माहं नाव तिनं कोनालेच सांगतलं नाई. पन तवापासून माह्या हातचं पानी पेली नाई. मरताना तू पानी पाजलं. मी दारात उभा होतो."

ममताला ते आठवत होतं. तिला तो म्हातारीचा हट्ट वाटला होता.

"अन् त्या दिवशी हापिसात काहून नाई बोलले, बा?" लखननं विचारलं. त्याचा आवाज चढला होता. "तीन दिवस आमी मुरूम फोडून राह्यलो."

भीमसिंगनं सब्बल उचलली. पंच्याहत्तर वर्षांच्या हातांनी ती डोक्यावर गेली आणि टाचेच्या खुणेवर उतरली. "आता बोललो ना," तो म्हणाला.

दोन हातांवर काठ लागला. घडवलेले काळे दगड, अर्धगोल, एकाला एक चिकटून. एका दगडाच्या कडेला बोटभर खोल चार खाचा होत्या. दोर घासून घासून पडलेल्या. ममतानं खाचेत बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. चार खाचा पडायला किती वर्षं लागतात, ते तिनं भीमसिंगला विचारलं. तो म्हणाला, "मी लहान होतो तवाच दोन होत्या."

सहाव्या दिवशी वनरक्षक इंद्रजित आला. तिशीचा पोरगा, मोटरसायकल दूर ठेवून चालत आला. विहीर आढळली नाही, असं लिहिणारा तोच. त्यानं काठ पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. मग त्यानं गणवेशाची बाही सारखी केली.

"हे राखीव क्षेत्र आहे. खोदता येत नाही. गुन्हा होतो."

"साहेबायनं दाखवा म्हटलं," लखन म्हणाला.

"लेखी आहे?"

लेखी नव्हतं. इंद्रजितनं सब्बल, टिकास आणि फावडं जप्त केलं. मोटरसायकलला बांधता येईनात, तेव्हा त्यानं लखनलाच ती नाक्यापर्यंत उचलून आणायला लावली. तांड्यातून, सगळ्यांच्या देखत, लखन आपलीच हत्यारं खांद्यावर घेऊन त्याच्या गाडीमागं चालत गेला. परत आला तेव्हा तो जेवला नाही.

"सोडून देऊ," तो म्हणाला. "उद्या मलेच आत टाकतीन."

"टाकू दे," ममता म्हणाली. "कायच्या गुन्ह्यात टाकतीन? इहीर खोदल्याच्या. मंग इहीर हाये म्हणून त्यायलेच लिहा लागन."

लखननं तिच्याकडे पाहिलं. मग भाकरी जवळ ओढली.

सकाळी भीमसिंगनं वखराची लोखंडी पास काढली, तिला बाभळीचा दांडा ठोकला. ममतानं खुरपी घेतली, घमेलं म्हणून भाकरीची पाटी. आता काम अर्ध्या वेगानं होऊ लागलं. विहिरीत एकच माणूस मावे. आधी लखन उतरायचा, मग ममता. आतली हवा ओलसर आणि जड, वर त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. भरलेली पाटी भीमसिंग वर ओढायचा. प्रत्येक ओढीला त्याच्या छातीतून कण्हल्यासारखा आवाज निघे. ममतानं त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बुजवताना कोनी नाई म्हटलं, बाजूला हो."

इंद्रजित आणखी एकदा आला. विहीर तेव्हा ममताच्या डोक्यावर चार हात होती. त्यानं वाकून पाहिलं. "बाहेर या," तो म्हणाला.

"पाटी भरू द्या," ती खालून म्हणाली. पाटी भरली, वर गेली, रिकामी होऊन खाली आली. ती पुन्हा भरू लागली. इंद्रजित अर्धा तास उभा राहिला. बाईला हात धरून कसं काढणार? शेवटी तो गेला.

पंधराव्या दिवशी साहेब आले. सोबत बाबू, तलाठी, इंद्रजित. लगतचे शेतकरी म्हणून भगवानरावांनाही बोलावणं होतं. नातवाच्या गाडीवरून ते आले. धुतलेलं धोतर, कोट. तांड्यातली माणसं आणि शाळेचे गुरुजी सागाच्या बुडाशी बसले.

साहेबांनी काठाभोवती एक फेरी मारली. टेप धरायला लावली. खाली वाकून पाहिलं. तळाशी ओल चढली होती.

"विहीर आहे," ते म्हणाले. "पण कधीची, हे दगड सांगत नाहीत."

"बुजवली कधी थे मी सांगतो," भीमसिंग पुढं आला. टोपी त्यानं डोक्यावरच ठेवली होती. "शहात्तर साली. मी बुजवली. हजेरीवर होतो. जंगलखात्याच्या हजेरीपटात माहं नाव असन, पाहून घ्या. माह्या आज्यानं खोदली, माह्या मायनं माती वाह्यली अन् मी बुजवली. लिहा."

तांड्यातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बहुतेकांना हे आजच कळत होतं. भीमसिंगनं कोणाकडेही पाहिलं नाही.

बाबूनं लिहिलं. "त्यानं शहात्तरपर्यंत पोचलो," साहेब म्हणाले. "तीसच्या आधीचं काय? बाहेरचा जबाब आणला?"

"हाये ना, साहेब," ममता म्हणाली. ती भगवानरावांकडे वळली. "काकाजी, तुमचे वडील गवत कापाले आले त्या दिवशी पाणी कोठी पेले?"

भगवानरावांचे ओठ हलले. "लय जुनी गोष्ट झाली."

"तुमी शाळेत सांगता, थेच सांगा. गुरुजी बी हायेत इथं. त्यायनं बी ऐकलं. कोनती इहीर होती?"

भगवानरावांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. विहीर नव्हती म्हणावं, तर वडील तहानलेले कुठं थांबले, कुठून त्यांना बांधून नेलं, काचेच्या चौकटीतली सगळी गोष्टच हवेत उभी राहणार होती. त्यांनी काठाकडे पाहिलं, खाचांकडे पाहिलं.

"हेच इहीर," ते म्हणाले. मग घसा साफ करून, शाळेत बोलत तशा आवाजात, "बंजाऱ्याची एक पोर होती. तिनं पाणी देलं. बाबा शेवटपर्यंत सांगे, शिपायानं दगड मारला तरी थे पोर बोकणा घेऊन मागं मागं आली."

"नाव सांगा तिचं," ममता म्हणाली.

"नाव बाबाले मालूम नव्हतं."

"रामी. लिहा बाबूजी. रामी, वय वर्ष आठ."

बाबूनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. भगवानरावांनी सही केली. पट्टीचा विषय त्यांनी काढला नाही.

आदेश पौषात आला. पाचपैकी साडेतीन एकर मान्य. नाल्याकाठची पट्टी त्यात होती. दीड एकर कमी का, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. लखननं वर अपील टाकलं. विहीर मात्र हद्दीबाहेर, सागातच राहिली. आखलेल्या रेषेपासून अकरा पावलं. पण पावसाळ्यात ती पंधरा हात भरली होती आणि पौषातही सात-आठ हात दोरावर पाणी होतं. तांड्याच्या नळाला आठवड्यातून दोनदा पाणी यायचं. बायका विहिरीवर येऊ लागल्या. भीमसिंगनं आपल्या वावरातल्या बाभळीचे दोन खांब काढून काठावर रोवले आणि आडव्या लाकडाला लोखंडी चाक बसवलं.

इंद्रजित आला तो चाक बसलं त्याच आठवड्यात. त्याच्या हातात छापील कागदांचं पुस्तक होतं. विहिरीवर सात-आठ बायका, ममता, आणि खांबाला माती दाबत असलेला भीमसिंग.

"विहीर तुमच्या पट्ट्यात नाही," इंद्रजित म्हणाला. "बांधकाम करता येत नाही. मला वरून विचारतात. नाव लिहावं लागेल कोणाचं तरी."

ममता पुढं होणार तोच भीमसिंगनं हात आडवा केला. हाताची माती त्यानं धोतराला पुसली.

"माहं लिहा. भीमसिंग उत्तमसिंग राठोड."

इंद्रजितनं लिहिलं. "राहणार?"

"राहणार इथंच."

"गाव सांगा, तालुका सांगा."

"सांगतलं ना. इथंच. तेवढं लिहा."

इंद्रजित पेन धरून उभा राहिला. ममतानं चाकावरून दोर सोडला. बादली खाली पोचल्याचा आवाज आला. तिनं ती भरू दिली, ओढून काठावर घेतली, आणि पहिला पेला भरून सासऱ्याच्या हातात दिला.

"प्या, मामाजी," ती म्हणाली. "त्यायले लिहू द्या."

भीमसिंगनं पेला तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत, सावकाश, तळापर्यंत पाणी प्याला.